ठाण्यातून सुपर व्हिसाचा आरोग्य विमा काढताना

मुलगी मिसिसागाला, आम्ही दोघं नौपाड्यात, दोघांनी साठी ओलांडलेली. दोघांना बीपी, एकाला साखर. अशा घरातून कॅनडाच्या सुपर व्हिसाचा अर्ज जायचा असला की सगळ्यांचं लक्ष मुलांच्या पगाराच्या कागदांकडे असतं आणि विमा शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. आम्ही उलट केलं. विम्याची तयारी सहा महिने आधी सुरू केली, तीही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून. ते का, हे कळण्याआधी व्हिसाची अट नीट समजून घ्यायला हवी.

सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येतं. जुलै २०२२ पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती. पाहुण्यांना तिथल्या प्रांताची सरकारी आरोग्य योजना मिळत नाही. म्हणून किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर लागतं, प्रवेशाच्या तारखेपासून निदान एक वर्षाचं. त्यात उपचार, हॉस्पिटलात दाखल होणं आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च हे तिन्ही हवं. नुसतं कोटेशन जोडून भागत नाही, पैसे भरलेले दिसले पाहिजेत: एकरकमी, नाहीतर डिपॉझिट भरून हप्त्यांनी. पूर्वी कंपनी कॅनेडियनच लागायची. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीची पॉलिसीही घेतात, पण ती कंपनी ओस्फी (OSFI) या तिथल्या विमा कंपन्यांच्या नियामकाच्या यादीत असावी लागते आणि पॉलिसी तिच्या कॅनडातल्या धंद्यातूनच दिलेली असावी लागते. आपल्याकडचा एजंट देतो ती ट्रॅव्हल पॉलिसी साध्या व्हिजिटर व्हिसावर दोन-तीन महिने जाणाऱ्याला पुरते. सुपर व्हिसासाठी ती पुढे करणाऱ्याला आधी ओस्फीचं विचारा.

आता खरी मेख. या पॉलिसी अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी असतात. आधीपासूनचे आजार एक तर पूर्ण वगळतात, नाहीतर ते 'स्टेबल' असतील तरच धरतात. प्रीमियमचे दोन आकडे दिसतात ते यामुळेच. स्वस्तातला बहुधा बीपी-शुगर वगळलेला असतो, आणि साठीनंतर हार्ट अटॅक काय, पॅरालिसिस काय, त्याचं मूळ तिथेच दाखवता येतं. महागडा प्लॅन घ्यावा हे माझं स्पष्ट मत आहे.

स्टेबल म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात, प्लॅन आणि वयाप्रमाणे साधारण ९० किंवा १८० दिवस, त्या आजारात काहीही बदल नाही. नवीन लक्षण नाही, नवीन औषध नाही, डोस वाढवलेला नाही. आणि कमीही केलेला नाही, इथे आपली माणसं अडकतात. "बीपी छान आहे, आता गोळी अर्धीच घ्या," असं डॉक्टर म्हणाले की आपण खूश होतो. विमा कंपनीच्या लेखी तो बदल असतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. सांगितलेली पण न केलेली तपासणीही तशीच. "एकदा स्ट्रेस टेस्ट करून घ्या" असं केसपेपरवर लिहिलं असेल तर ती करून, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून विषय बंद करायचा. त्याच औषधाचा, त्याच ताकदीचा दुसरा ब्रँड बहुतेक ठिकाणी बदल धरत नाहीत. इन्सुलिनच्या डोसमधल्या फरकालाही काही पॉलिसींत सूट असते. पण हे पॉलिसीच्या व्याख्येत शब्दशः वाचायचं, ब्रोकरच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आजारांना बऱ्याचदा वेगळी अट असते: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आठवड्यातून एकदापेक्षा जास्त लागत असेल किंवा दम्यासाठी पोटातून स्टिरॉइड चालू असेल, तर कव्हर नाही.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगायचं, "डॉक्टर, अमुक महिन्यात जायचंय. काय बदलायचं ते आत्ताच बदला." गरजेचा बदल पॉलिसीसाठी लांबवणं हा शुद्ध वेडेपणा, तो लवकर करून मग दिवस मोजायचे. आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर पत्र दिलं, त्याचा साचा उपयोगी पडेल. पासपोर्टप्रमाणे नाव आणि जन्मतारीख. प्रत्येक आजार कोणत्या वर्षापासून. औषधाचं मूळ नाव, ब्रँड नव्हे, म्हणजे टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. डोस कोणत्या तारखेपासून हाच आहे. शेवटचं बीपी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), तारखेसह. कोणतीही तपासणी बाकी नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, ती सुटी करून लिहून घ्यावीत. तिकडच्या डॉक्टरला आपल्या ब्रँडवरून काही कळत नाही.

हे पत्र फाइलमध्ये सगळ्यात वर. क्लेम आला की कंपनी तुमच्या डॉक्टरकडे जुने रेकॉर्ड मागते. कॅनडात रुग्णाची नोंद डॉक्टर ठेवतो. आपल्याकडे फाइल पेशंटच्या पिशवीत असते. डॉक्टरांकडे काहीच नाही आणि तुमच्याकडेही नाही, अशा वेळी आजार स्टेबल होता हे कशावरून दाखवणार? म्हणून केसपेपर, रिपोर्ट आणि औषधांची बिलं स्कॅन करून मुलीकडे पाठवली. केमिस्टकडून दर महिन्याला बिल मागून घेतलं. गोळीचं नाव, ताकद, नग आणि तारीख एकाच कागदावर येते, इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

वयस्कांना बहुतेक कंपन्या वैद्यकीय प्रश्नावली देतात. ती मुलं तिकडे बसून आठवणीने भरतात, हे धोक्याचं. "गेल्या अमुक वर्षांत कधी हॉस्पिटलात दाखल झाला होतात का?" याला 'नाही'वर टिक केलं आणि मोतीबिंदूच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड निघालं, तर पूर्ण पॉलिसी रद्द ठरवता येते. फाइल समोर ठेवून, फोनवर एकेक प्रश्न वाचून भरावी.

बाकीचं सोपं. पॉलिसीवरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' रकान्यात असेल तर ते पॉलिसीतही यायला हवं. सुरुवातीची तारीख अंदाजाने टाकायची. व्हिसाला उशीर झाला तर ती येण्यापूर्वीच कळवून पुढे ढकलता येते. मात्र स्टेबलचे दिवस नव्या तारखेच्या मागे मोजले जातात, हे विसरू नका. व्हिसाची मेडिकल कॅनडा सरकारच्या यादीतल्या डॉक्टरकडेच होते. तिथे बीपी जास्त निघून गोळी वाढली तर तोही बदलच. व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून पैसे परत मिळतात का, हे भरण्याआधी लेखी विचारा. डिडक्टिबल, म्हणजे पहिली रक्कम आपल्या खिशातून, १,००० डॉलरपर्यंत ठेवली की प्रीमियम उतरतो. त्याहून मोठी घेताना मुलांना विचारा, भरायची त्यांनाच आहे. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडू शकते.

तिकडे गेल्यावर कार्डावरचा मदत क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. दाखल होण्याआधी, आणि ते जमलं नाही तर लवकरात लवकर फोन न केल्यास कंपनी बिलातला काही हिस्सा कापू शकते. रोजच्या गोळ्या या विम्यात येत नाहीत. सोबत फार तर ९० दिवसांच्या नेता येतात, मूळ पाकिटात. त्यानंतर तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. वॉक-इन क्लिनिकमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय दाखवता येतं अशा दवाखान्यात, जातानाही डॉक्टरांचं तेच पत्र न्या, तीच औषधं तशीच मागा. तिथे डोस बदलला तर पुढच्या वर्षीच्या पॉलिसीसाठी मोजणी पुन्हा सुरू.

काही तक्रार निघाली तर ठाण्यातल्या विमा लोकपालांकडे ती चालत नाही, पॉलिसी त्यांच्या कक्षेबाहेरची. आधी कंपनीकडे लेखी, मग कॅनडातल्या ओएलएचआय या तक्रार संस्थेकडे.

आणि इथली मेडिक्लेम चालू ठेवा. ती सोडली आणि परत आल्यावर नवी घेतली, तर जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, पण तिकडे बसून भरायला गेलं तर ओटीपी इथल्या बंद सिमवर येत राहतो. ऑटो-डेबिट लावून, त्या खात्यात हप्त्याएवढी शिल्लक ठेवून निघालो.