जोशीसरांचं काम पातेल्यात मोजलं, तेव्हा मुलांना कळलं

पद्मभूषण प्रा. ज्येष्ठराज जोशी मूळचे आमच्या कराड तालुक्यातले. जन्म 1949चा, मसूरचा. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेत शिकले, प्रा. एम. एम. शर्मांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि 1999 ते 2009 तिथेच संचालक होते. 1991 साली भटनागर पुरस्कार, 2014 साली पद्मभूषण. अकरावीच्या मुलांना हे सगळं सांगितलं की ती माना डोलावतात आणि विसरून जातात. मला त्यांना सरांचं काम दाखवायचं होतं.

त्यांचं नाव झालं ते बबल कॉलमवरच्या संशोधनामुळे. उंच टाकीतल्या द्रवात खालून वायू सोडतात. बुडबुडे वर चढताना अख्खं द्रव कसं घुसळून काढतात, याचं गणित त्यांनी मांडलं. एवढा मोठा कॉलम शाळेत कुठून आणणार? पण सरांनी मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही सांभाळलंय आणि विज्ञान घराघरात गेलं पाहिजे ही त्यांची तळमळ आहे. 2012 साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वयंपाकाच्या भांड्यांवर शोधनिबंधांची मालिकाच लिहिली. रिॲक्टरला (रासायनिक अभिक्रिया घडवायच्या टाकीला) लावायचं तेच गणित शिजणाऱ्या अन्नाला! मी तो धागा धरला.

किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला, त्यावर गॅसची छोटी टाकी ठेवली. पातेल्यात 5 लिटर पाणी, त्यात थर्मामीटर. पाणी 27 अंशांवरून 92 वर गेलं, म्हणजे सुमारे 1,360 किलोज्यूल उष्णता पाण्यात उतरली. काट्यावर 50 ग्रॅम गॅस कमी झाला होता. किलोला 46 मेगाज्यूल धरले तर 2,300 किलोज्यूल खर्ची पडले. पाण्याच्या वाट्याला आले जेमतेम 59 टक्के. बाकीचे गेले कुठे? मुलांनी पातेल्याच्या बाजूने हात धरून पाहिला. ज्योत बुडाबाहेर येऊन वर निघून जात होती. मग पसरट पातेलं घेतलं, आच मध्यम केली. तेवढंच पाणी 44 ग्रॅममध्ये तापलं. हिशेब 67 टक्क्यांवर आला आणि वर्गात एकच गलका झाला.

खरी गंमत पाणी उकळू लागल्यावर. उकळी फुटली की पाणी 100 अंशांच्या वर जात नाही (आमच्या उंचीवर थोडं खालीच थांबतं), आच कितीही वाढवा. वाढवलेल्या आचेची फक्त वाफ होते, ग्रॅममागे 2.26 किलोज्यूल घेऊन जाणारी. मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, म्हणजे आपण गॅस जाळून नुसती वाफच करतोय की!" ऊर्जेचा ताळेबंद याहून नेमका मलाही सांगता आला नसता.

त्याच दमात तांदूळ चांगले उकळू दिले, झाकण घट्ट लावलं, पातेलं गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवलं. अर्ध्या तासाने आत 88 अंश होते. शीत न् शीत शिजलेलं. मुलांनी तो भात मिठाबरोबरच फस्त केला.

मालिकेतला एक निबंध शिजण्याचा वेग, चव आणि पोषक घटकांबद्दल आहे. तो पकडून आता तुरीची डाळ लावायची आहे, भिजवलेली आणि कोरडी, शेजारी शेजारी. काटा दुकानदाराने स्वतःहून पुन्हा देऊ केलाय.