वरून पाहायला परवानगी लागत नाही

उपग्रहचित्रं वाचणं हे माझं रोजचं काम. परक्या देशातली शेतं, धरणं, खाणी पडद्यावर आल्या की नवे सहकारी हमखास विचारतात, "त्यांची परवानगी घेतली का?" नाही. लागतच नाही.

विमानातून टिपलं असतं, तर लागली असती. १९४४ च्या शिकागो करारानं हवाई हद्दीवरचं प्रत्येक देशाचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९६० मध्ये अमेरिकेचं यू-२ हे हेरविमान सोव्हिएत संघानं पाडलं, ते आपल्याच हद्दीत. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे मात्र अवकाश सर्वांना खुलं आहे आणि तिथे कुणालाच मालकी सांगता येत नाही. हवाई हद्द नेमकी कुठे संपते, हे दोन्ही करारांत लिहिलेलं नाही.

१९७२ मध्ये जमिनीची चित्रं टिपणारा अमेरिकेचा लँडसॅट-१ उपग्रह अवकाशात गेला आणि वादाला तोंड फुटलं. आमच्या नैसर्गिक संपत्तीची माहिती घ्यायची तर आधी आमची संमती घ्या, असं ब्राझील आणि अर्जेंटिनाचं म्हणणं होतं. ३ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं रिमोट सेन्सिंगची, म्हणजे अवकाशातून पृथ्वीचं निरीक्षण करण्याची, १५ तत्त्वं एका ठरावानं, मतदानाविना स्वीकारली. त्यात संमतीची अट नाही.

ती गळली, हे मला योग्यच वाटतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकार फारसं बोलत नव्हतं, तेव्हा लँडसॅट आणि फ्रान्सच्या स्पॉट उपग्रहाची चित्रं जगानं पाहिली. संमती मागत बसलो असतो तर ती मिळाली असती का?

संमतीऐवजी त्या देशांच्या हाती आलं बारावं तत्त्व: ज्याच्या भूमीचं चित्र घेतलं, त्याला मूळ आणि प्रक्रिया केलेला डेटा भेदभावाविना, वाजवी किमतीत मिळावा. विश्लेषित माहितीही मिळावी, पण रिमोट सेन्सिंग करणाऱ्या सरकारांकडे असेल तेवढीच. खरं मोल त्या विश्लेषणातच असतं. लँडसॅटचा डेटा २००८ पासून फुकट आहे, पण त्यातून पिकाचा अंदाज किंवा खनिजाचा माग काढायला माणसं आणि यंत्रणा लागते. हे काम खासगी कंपनीनं केलं, तर बारावं तत्त्व तिला थेट बांधत नाही. शिवाय त्या देशाला आधी द्या, असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही. त्याच्या पिकाचा अंदाज धान्याच्या व्यापाऱ्याला आधी आणि त्याच्या कृषी खात्याला नंतर कळू शकतो. हे मला अन्याय्य वाटतं. आमसभेच्या त्या ठरावाला कराराचं बंधन नाही आणि हेरगिरीचे उपग्रह त्यातल्या रिमोट सेन्सिंगच्या व्याख्येतच येत नाहीत, हेही आहेच.

बाराव्या तत्त्वात मला एवढीच भर हवी आहे: ज्याच्या जमिनीचं विश्लेषण, त्याला ते इतर कुणालाही विकण्याआधी द्यावं, मग विकणारं सरकार असो की कंपनी.