तुम्ही विचारलंत म्हणून: इटरेटर वेगळा का?

"यादीच्या क्लासमध्येच नेक्स्ट लिहून सेल्फ परत दिला तर काय बिघडतं, सर? लूप तर चालतो." सांगली-मिरजेच्या मुलांनी हे इतक्यांदा विचारलंय की आता एकदा लिहूनच टाकतो. नवख्यांसाठी: क्लास म्हणजे माहिती आणि तिची कामं एकत्र बांधणारा साचा, लूप म्हणजे नोंदी एकेक करून घेत जाणं. इटरेटर म्हणजे वाचन कुठवर आलं हे लक्षात ठेवणारी वस्तू; पुढची नोंद तिच्याकडून नेक्स्टने मागायची. सेल्फ म्हणजे ती यादी स्वतःच.

लूप चालतो, हे खरं. माझाही चालला होता. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीसाठी मी पायथॉनमध्ये हिशोबाचा प्रोग्रॅम केला होता. दिवसभराची वजनं 'वजनयादी' नावाच्या क्लासमध्ये. आतली लिस्ट बाहेर दिली नाही, कारण कुणीही अपेंड केलं, म्हणजे शेवटी नोंद जोडली, की बेरजा फसल्या. तो निर्णय मी आजही चूक मानत नाही. चूक पुढची: इटर (लूप सुरू होताना इटरेटर मागणारं फंक्शन) बोलावलं की क्लासमधला 'कुठवर वाचलं' हा आकडा शून्यावर आणायचा आणि सेल्फच परत द्यायचा.

दुबार नोंद शोधायला लूपमध्ये लूप होता, दोन्ही त्याच यादीवर. बाहेरच्याने पहिली नोंद उचलली. आतल्याने आकडा शून्यावर नेला आणि यादीच्या टोकापर्यंत धावला. बाहेरच्याने पुढची मागितली तर स्टॉप-इटरेशन, म्हणजे 'नोंदी संपल्या' ही खूण. एरर नाही, काही नाही. पहिली नोंद तेवढी ताडून झाली आणि पडद्यावर आलं, 'दुबार नोंद नाही'.

मार्च, आवकेचे ऐन दिवस. एका शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत सहा पोती दोनदा लागली. दिवाणजी म्हणाले, "प्रोग्रॅम तपासतो, म्हणजे चिठ्ठीच दोनदा आली." मापाड्याला पेढीवर बोलावलं. पन्नाशीचा माणूस, हमालांच्या देखत उभा राहून खिशातल्या चिठ्ठ्या एकेक काढून दाखवत होता. हात हळदीने पिवळे. मी तिथेच होतो, आणि "तपासणी पक्की आहे" हे वाक्य माझं होतं.

रात्री घरी तीनच नोंदी घालून पाहिल्या. पहिली-दुसरी सारखी: सापडली. दुसरी-तिसरी सारखी: नाही सापडली. सकाळी दिवाणजींना सांगितलं. मापाड्यापुढे जायला मात्र मला दोन दिवस लागले.

तेव्हाचा मी म्हणेल, चाचण्या पास झाल्या होत्या. झाल्या, कारण दुबार जोडी मीच दर वेळी सुरुवातीला ठेवत होतो. तो असंही म्हणेल, वेगळा इटरेटर म्हणजे पसारा. कसला पसारा? आतल्या लिस्टवर इटर बोलावून ते परत द्यायचं, एक ओळ. नाहीतर यील्ड, म्हणजे फंक्शनमधूनच एकेक नोंद देत जायची. 2001 च्या पायथॉन 2.2 पासून ही सोय आहे. जावाने 2004 मध्ये फॉर-ईच (प्रत्येक नोंदीवर फिरणारा लूप) आणला तेव्हाही इटरेबल (जिच्यावर फिरायचं ती यादी) आणि इटरेटर वेगळेच ठेवले. पोथी एक आणि वाचणारे दोन असतील तर खुणेची मोरपिसंही दोन लागतात.

लूप चालू असतानाच यादीत नवी नोंद आली तर? पायथॉनची लिस्ट ती मुकाट्याने पुढे दाखवते. मी सध्या टपल (न बदलणारी यादी) करून, प्रतीवर फिरवतो. गेल्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "मग पट्टी जुन्या वजनांवर निघेल, सर." तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.