ग्लुकोजचे दोन तास

सांगलीच्या मार्केट यार्डात मार्च महिन्यात जो एकदा फिरला आहे, त्याला हळदीचा वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. राजापुरी हळदीची आवक ऐन भरात असते, सौद्याच्या वेळी नमुन्याचे हळकुंड मोडून आतला रंग पाहिला जातो आणि पोत्यांवरून उडणारी पिवळी धूळ वह्यांच्या पानांवर, टेबलाच्या खणात, इतकेच काय डब्यातल्या भाकरीवरही बसते. मी अशाच एका अडत पेढीवर हिशेब लिहिते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद, करणे, हमाली-तोलाई वजा करून रक्कम काढणे, हे माझे काम आहे. नऊ वर्षांत या वासाचा मला कधी त्रास झाला नव्हता. यंदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी पेढीचे शटर वर गेले आणि आत पाऊल टाकण्याआधीच मी तोंडाला ओढणी लावून मागच्या नळाकडे धावले. घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटून तेव्हा दहा दिवस झाले होते आणि ही गोष्ट माझ्याखेरीज फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना ठाऊक होती.

तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचे नाही, असे सासूबाईंनी बजावले होते. त्यात नवे काही नव्हते. आमच्याकडे बहुतेक घरांत हेच सांगतात. पण त्या नळाशी उभी असताना मला पहिल्यांदा वाटले की ज्या तीन महिन्यांत बाईला सर्वांत जास्त त्रास होतो, सर्वांत जास्त धास्ती वाटते आणि सर्वांत जास्त प्रश्न पडतात, नेमक्या त्याच तीन महिन्यांत तिने गप्प राहायचे, ही मांडणी कुणी केली असावी? पाचव्या महिन्यात पोट दिसू लागले की बसमध्ये जागा मिळते, सातव्यात डोहाळजेवण होते, हिरवी साडी मिळते. दुसऱ्या महिन्यात मिळते ती फक्त कोरड्या उलट्यांची सोबत, तीही दार लावून.

मला पहिल्यांदा ओळखले ते पेढीवर हळद निवडायला येणाऱ्या एका मावशींनी. दोन दिवस त्यांनी काहीच विचारले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "पहाटं डोळं उघडलं की उठायच्या आदी हे चार घास खायचं. मग पाय खाली टाकायचा." पुडीत साधे, बिनतिखटाचे कोरडे भडंग होते. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितले: पोट रिकामे राहू द्यायचे नाही, उठण्यापूर्वी काहीतरी कोरडे खायचे, दर दोन तासांनी थोडे थोडे खायचे. सांगलीच्या भडंगाची कीर्ती मी लहानपणापासून ऐकते आहे, पण त्याचा हा उपयोग मला त्या पुडीमुळे कळला.

याच सुमारास मला आणखी एक हिशेब शिकावा लागला आणि तो माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने फारच गैर होता. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे पाळी चुकली त्याच दिवशी चार आठवडे झालेले असतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन आठवड्यांत तर गर्भधारणा झालेलीच नसते. व्यवहार होण्याआधीची तारीख टाकून खाते उघडायचे आणि तिथून २८० दिवस धरायचे, असा हा प्रकार आहे. सासूबाई महिन्यांत बोलायच्या, डॉक्टर आठवड्यांत, आणि दोघींचा मेळ मी पट्टीच्या कोऱ्या मागच्या बाजूवर घालत बसायचे.

पहिल्या सोनोग्राफीला गेले तेव्हा माझ्या हिशेबाने सहा आठवडे भरले होते. खोलीबाहेर, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, असा नेहमीचा फलक होता. १९९४ च्या कायद्यानुसार भरायच्या फॉर्मवर सही केली. गर्भपिशवीत थैली दिसत होती, पण ठोके दिसत नव्हते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की बीज उशिरा सुटले असेल तर दिवस मागेपुढे होतात, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा पाहू. वाक्य साधे होते. मी मात्र आयर्विन पुलापर्यंत येईतो त्या वाक्याचे सतरा अर्थ काढले होते, आणि ते बोलून दाखवायला माझ्याजवळ कुणी नव्हते. नवरा म्हणाला, "होईल सगळं नीट." त्याचा हेतू चांगलाच होता, पण 'होईल सगळं नीट' या शब्दांनी संभाषण संपते, सुरू होत नाही.

त्या दहा दिवसांतच आमच्या भागातल्या आशा स्वयंसेविका ताईंनी मला महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर नाव नोंदवायला नेले. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे, कारण हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, थायरॉइड, साखर या तपासण्या लवकर झाल्या तरच पुढच्या उपचाराला वेळ मिळतो. साखरेच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यावे लागते आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर पुढचे पाहावे लागते. ऐकायला सोपे आहे. ज्या बाईच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नाही, तिला तो गोडमिट्ट पेला प्यायला सांगून पाहा. शिवाय अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सारे पहिल्यापासून.

त्या दिवशी बाकावर आम्ही चौघी होतो आणि चौघीही ओठ मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. एक बुधगावहून माहेरी आलेली, एक कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात काम करणारी, एक हरिपूरची, दुसऱ्या खेपेची आणि म्हणून आमच्यात ज्येष्ठ, आणि मी. पंधराव्या मिनिटाला हरिपूरच्या ताईंनी पर्समधून लिंबू काढले, नखाने साल खरवडली आणि वास घेऊन पुढे केले. ते लिंबू अर्धा तास बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. कुणी ते चाटले नाही, फक्त वास घेतला. विसाव्या मिनिटाला बुधगावची म्हणाली, "कुणी तरी बोला हो काहीतरी, नाहीतर मला उलटी होणार." आणि मग आम्ही जे बोलत सुटलो ते नर्सबाईंनी रक्तासाठी हाक मारेपर्यंत.

काय बोललो? कुणाला फोडणीचा वास नको होता, कुणाला स्वतःच्या नवऱ्याच्या साबणाचा. सकाळचा त्रास म्हणतात खरा, पण बुधगावचीला तो संध्याकाळी सातला सुरू व्हायचा. कुपवाडची कारखान्यातली शिफ्ट संपताच शौचालयात जाऊन दहा मिनिटे भिंतीला टेकून उभी राहायची, कारण सुपरवायझरला सांगितले तर काम बदलतील की कामावरून काढतील, याचा तिला अंदाज नव्हता. मी ठोक्यांचे सांगितले. आवाज जरा कापलाच माझा. त्यावर बुधगावची लगेच म्हणाली, "माझंही तसंच झालं होतं, मला बारा दिवस थांबवलं, परवा दिसले ठोके." तिने मला धीर दिला नाही, दिलासा दिला नाही, फक्त स्वतःचे बारा दिवस सांगितले. त्या रात्री मी आठवड्याभरानंतर सलग झोपले. दिवस भरल्यावर पुन्हा तपासले तेव्हा पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी लुकलुकत होते.

आम्ही फोन क्रमांक घेतले आणि व्हॉट्सॲपवर चौघींचा गट केला. त्याचे नाव हरिपूरच्या ताईंनी 'ग्लुकोज' ठेवले. ताईंनी एक नियमही पहिल्याच दिवशी घालून दिला: एकमेकींना औषध सुचवायचे नाही. रक्ताचा डाग दिसला, पोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली किंवा पाणीही पोटात टिकेना आणि लघवी कमी झाली, तर इथे लिहीत बसायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. थोडा डाग पुष्कळ जणींना पडतो आणि पुष्कळदा पुढे सारे सुरळीत होते, हे खरे असले तरी ते आपले आपण ठरवायचे नाही. बाकी सारे चालेल. फॉलिक ॲसिडची गोळी घेतली का, याची रोज रात्री नऊला हजेरी असायची. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे जेमतेम कळते तोवर ते काम उरकलेले असते, म्हणूनच ही गोळी खरे तर आधीपासून सुरू करायची असते. आमच्यापैकी एकीनेही ती आधी सुरू केली नव्हती. लोहाची गोळी तिसऱ्या महिन्यानंतर आली. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हेही तिथेच पक्के झाले. पपईवर दोन दिवस वाद चालला आणि कच्ची नको, यावर मिटला.

मळमळ कधी थांबणार, हा प्रश्न रोज कुणीतरी विचारायचीच. जे संप्रेरक चाचणीच्या दोन रेघा उमटवते, ते साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि मग उतरू लागते. बहुतेकींचा त्रासही बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. हे डॉक्टरांकडून समजल्यावर मी चौघींचे तक्ते करून पाठवले. हिशेबनीस बाई गटात असण्याचा हा फायदा.

एप्रिलच्या मध्यावर कुपवाडचीचा संदेश आला. नववा आठवडा होता. "वाढ थांबली आहे म्हणाले." एवढाच.

त्यानंतरचे काही दिवस मी आजही नीट लिहू शकत नाही. तिच्या सासरी कुणी म्हणाले, स्कूटीवरून गेलीस म्हणून. कुणी म्हणाले, पाण्याची घागर उचललीस म्हणून. एकीने तर कारखान्यातल्या उभ्याच्या कामावर ठपका ठेवून तिच्या नोकरीचाच विषय काढला. खरे असे आहे की समजून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस अशा आपोआप संपतात, त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि निम्म्याच्या आसपास वेळा कारण गुणसूत्रांतल्या बिघाडाचे असते, जो बीज जुळतानाच झालेला असतो. त्याला स्कूटी कारण नसते आणि घागरही नसते. हे डॉक्टरांनी तिला सांगितले होते, पण एकदाच, घाईत. आम्ही ते तिला पंधरा दिवस रोज सांगितले. हरिपूरच्या ताई तिच्या घरी जाऊन सासूबाईंच्या समोर बसून सांगून आल्या. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, हे मला पेढीच्या कामामुळे माहीत होते. ती तर तिसऱ्या दिवशी कामावर निघाली होती. अर्ज मी लिहून दिला, दाखला तिने जोडला, रजा मिळाली. मिळालीच पाहिजे होती, पण आपल्याकडे मिळायला पाहिजे आणि मिळते यांच्यामध्ये एक अर्ज असतो.

तिने गट सोडायचा विचार केला होता. आमच्या मळमळीच्या गोष्टी रोज वाचणे तिला कसे सोसणार, म्हणून आम्हीही दोन दिवस गप्प होतो. मग तिनेच लिहिले, "तुम्ही बोलत जा. तुम्ही पण गप्प झालात तर मला कुठं बोलता येईल?"

सासूबाईंना हे सारे मी एका रात्री सांगितले. मला वाटले होते, त्या म्हणतील, बघ, म्हणूनच सांगायचे नसते. त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितले की त्यांनी तरुणपणी एकदा दुसऱ्या महिन्यात साऱ्या वाड्यात सांगितले होते आणि पुढच्या महिन्यात साऱ्या वाड्याला पुन्हा सांगावे लागले होते, प्रत्येक दाराशी, वेगवेगळे. नजर लागण्याची भीती त्यांना नव्हतीच. भीती होती ती त्या दुसऱ्या फेरीची. तेव्हापासून मी त्या रिवाजाला हसत नाही. कुणाकुणाला सांगायचे, ते मात्र बाईने स्वतः निवडावे, असे माझे मत आहे: ज्यांना वाईट बातमीही सांगता येईल अशाच चारजणींना चांगली बातमी आधी सांगावी.

एप्रिल संपता संपता बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली आणि मी पेढीवर सांगितले. मालकांनी माझे टेबल हळदीच्या गोदामाकडून रस्त्याकडच्या खिडकीशी हलवले. निवडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आत्ता सांगताय व्हय?"

आता मला आठवा महिना लागला आहे. बुधगावची गेल्या महिन्यात बाळंतीण झाली, दिवस भरायच्या बरीच आधी, पण दोघीही बऱ्या आहेत. परवा रात्री नऊची हजेरी चालू असताना कुपवाडचीचा फोन आला. गटावर नाही, मलाच. बराच वेळ ती यार्डातल्या हळदीच्या भावांविषयी बोलत राहिली, म्हणून मी ओळखले. मग म्हणाली, "सहा दिवस वर गेलेत. घरात अजून कुणाला सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही."

मी विचारले, "फॉलिकची गोळी?"

"जूनपासून चालू हाय की," ती म्हणाली. "तुमच्या बरोबरच घेत होते रोज नऊला, फक्त हजेरी देत नव्हते."