गाडी किती खाली घ्यायची, हे लोअर आर्म बघून ठरवा

गाडी लोअर करायची म्हटलं की बहुतेक जण चाक आणि फेंडरमधली फट बघतात. त्याऐवजी गाडी चाकांवर उभी असताना खालून पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, बघा. आतल्या बुशपासून (रबरी सांधा) चाकाकडच्या बॉल जॉईंटकडे तो उतरता असेल तर खाली जायला वाव आहे. तो आडवा झाला की मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढे शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब असलेल्या) गाडीत तिथेच थांबायचं. त्याखाली गेलं की गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो) जास्त वेगाने खाली सरकतं, आणि कडक स्प्रिंगने मिळवलेला फायदा गाडी वळणावर झुकण्यातच जातो. रोजच्या वापरातल्या गाडीला २५ ते ३० मिमी पुरे.

नागपुरात याला आणखी एक कारण आहे. सिमेंट रस्त्याच्या कडेवरून गल्लीत उतरताना पायरी लागते आणि पुढचा बंपर आधी घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सौम्य उताराचा असतो. पण वस्त्यांमधले अरुंद, टोकदार गतिरोधक हे माप पाळत नाहीत. तिथे पोट घासतं.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग जुन्या शॉकवर (शॉक अॅब्सॉर्बरवर) चढवणं आम्हाला पटत नाही. बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शॉक शेवटी टेकतो त्या रबरापर्यंत, ६० मिमी जागा असेल आणि गाडी ३० मिमी खाली घेतली, तर खड्ड्यासाठी निम्मीच जागा उरते. मग शॉक सतत बंप स्टॉपवर आपटतो आणि त्याचं सील जातं. स्प्रिंगला जुळणारे, कमी लांबीचे शॉक एकत्र घ्या. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा उंची बदलता येणारा जोड) घेत असाल तर खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलणारे घ्या, म्हणजे स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) आणि शॉकचा प्रवास दोन्ही जागेवर राहतात.

आता जिऑमेट्रीचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवणारे भाग. यात कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल (वरून आत कललं तर उणे), आणि टो म्हणजे वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन. खरं तर बजेटमध्ये आधी यांचेच पैसे बाजूला काढायला हवेत. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टने जोडलेला असेल तर वरच्या जागी कॅम्बर बोल्ट चालतो. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क रेंचनेच आवळा आणि रंगाची खूण करा. खूण सरकली तर बोल्ट घसरला. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत स्ट्रट क्लॅम्पमध्ये बसतो, तिथे हा बोल्ट बसतच नाही. वर कॅम्बर प्लेट घ्यावी लागते. प्लेटमधली गोल बेअरिंग धुळीत लवकर खडखडते, तेव्हा रोजच्या गाडीला रबर माउंटवाली बरी. मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांडे) असेल तर अॅडजस्टेबल कॅम्बर आर्म आणि टो आर्म बघा. पोलोसारख्या गाडीच्या टॉर्शन बीमला (मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) शिम घालूनच कोन बदलता येतो.

आर्म आडव्याच्या पलीकडे गेलाच असेल तर लांब पिनचा बॉल जॉईंट त्याचं बाहेरचं टोक खाली आणतो. पण तेवढाच टाय रॉड एंडही (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) खाली आणायला हवा. नाहीतर खड्ड्यावर चाक आपोआप वळतं, त्याला बंप स्टिअर म्हणतात. लांब पिन रिमला आतून लागत नाही ना, हे घेण्याआधीच मोजा. अँटी-रोल बारसाठी (वळणावरचं झुकणं रोखणारा दांडा) लहान, अॅडजस्टेबल लिंक रॉड लागतात.

फिटिंगमध्ये सर्रास होणारी चूक बुशची असते. गाडी जॅकवर लटकत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करा.

अलाइनमेंटला टायरचं प्रेशर बरोबर, टाकी अर्धी. आधी मागची चाकं, मग पुढची. कॅम्बर, कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टोही बदलतो. पुढे कॅम्बर उणे १.२ ते १.५ अंश, टो शून्याच्या जवळ. मागे दोन्ही चाकांचा मिळून ०.१५ ते ०.३ अंश टो-इन (पुढून आत वळलेली). टायर आतून खाल्ला की दोष कॅम्बरला दिला जातो, पण बहुतेक वेळा खरा चोर टो असतो. एका चाकाचा टो ०.२ अंश चुकला तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेतीन मीटर आडवं घासतं. समृद्धीवर लांब पल्ला मारणाऱ्याने हा आकडा आधी तपासावा.

स्प्रिंग बसायला वेळ घेतात, म्हणून ५०० किमीनंतर अलाइनमेंट पुन्हा करा. हेडलाइटची दिशाही तेव्हाच लावून घ्या. पावसाळ्याआधी कॉइलओव्हरच्या आट्यांना अँटी-सीझ लावा, चिखल सुकला की रिंग फिरत नाही.