ॲपला आवाज नको, नावं द्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मेंबरांसाठी एका पतसंस्थेचं पिग्मीचं (रोजच्या बचतीचं) ॲप सध्या आमच्याकडे आलंय, आधीच्या पार्टीने केलेलं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते वापरता यावं असं ठरल्यावर मीटिंगमध्ये पहिली आयडिया काय, तर ॲपलाच बोलायला लावूया. एखाद्या बाईच्या आवाजात रेकॉर्डिंग करून घ्यायचं, बटण दाबलं की बोलेल. ऐकायला भारी वाटतं, पण असलं काही करू नका राव. अशा माणसाच्या अँड्रॉइडवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधलीच सोय) बहुतेक आधीपासूनच चालू असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर (ते तर २००९ पासून आहे), फोन दिवसभर बोलतोयच, त्यात तुमची बाई मध्येच सुरू झाली की दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि कळत काहीच नाही.

आपलं काम एवढंच की टॉकबॅकला काय बोलायचं ते सांगून ठेवायचं. शहापूरच्या एका काकांच्या हातात ते ॲप दिलं, त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं तर अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन, हेच. काका म्हणाले, "सगळ्याला बटनच म्हणालंय की ओ हे, पैसे भरायचं कुठलं नि पासबुक कुठलं?" आयकॉन एकदम झकास होते, फक्त कंटेंट डिस्क्रिप्शन, म्हणजे टॉकबॅकने वाचायचं त्या आयकॉनचं नाव, कुणी लिहिलं नव्हतं. तिथे "पैसे भरा" एवढंच लिहायचं, "पैसे भरा बटण" नाही, कारण बटण हा शब्द टॉकबॅक स्वतःच जोडतं. आणि जमा हिरव्यात, नावे (काढलेले पैसे) लाल रंगात असं नुसतं ठेवून चालत नाही, रंग कोण वाचून दाखवणार? तसा शब्द तिथे पाहिजेच.

आपल्याकडची खरी डोकेदुखी मात्र भाषेची. मेनू मराठीत, नोटीस कन्नडमध्ये, बाकी इंग्लिश, सगळं एकाच स्क्रीनवर. मराठी-हिंदीची लिपी एकच, त्यामुळे फोनला सांगितलं नाही तर आपलं मराठी तो हिंदी आवाजात वाचत सुटतो, आणि कन्नड ओळ आली की कन्नड न येणारा आवाज एकतर गप्प बसतो नाहीतर भलतंच काहीतरी बोलतो. वेबपेजवर त्या त्या मजकुराला लँग ॲट्रिब्यूट, अँड्रॉइडवर लोकेल स्पॅन, म्हणजे मजकूर कुठल्या भाषेतला ही खूण, एवढं केलं की पुष्कळ फरक पडतो. गुगलच्या टीटीएसमध्ये (मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीत) मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत, तेवढे फोनमध्ये उतरवून घ्यायला मेंबरला सांगा.

केवायसीत "डोळे मिचकवा" म्हणणाऱ्या स्क्रीनचा विषय तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, ३० एप्रिल २०२५ च्या निकालात कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय. तेव्हा "असे मेंबर कितीसे आहेत" हा प्रश्न मीटिंगमध्ये आता आणूच नका.

आमचं सध्या अडलंय ते खातेउताऱ्यापाशी. शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, टॉकबॅकला त्यात वाचायला अक्षरच मिळत नाही. तोच उतारा सिस्टिममधून थेट टेक्स्टमध्ये काढता येतो, पण मॅनेजरसाहेबांना शिक्का पाहिजेच म्हणे, म्हणून रोज त्यांच्या मागे लागलोय.