सेरेस, शहापूर आणि आमचा टँकर

शनिवार, रात्रीचा दीड. कासारवडवली, घोडबंदर रोड, ठाणे.

पावणेबाराला टँकर आला. रिव्हर्स घेतानाची ती टुंगटुंग, वॉचमनचं 'आन दे, आन दे', मग पंपाची घरघर. आणि टीव्हीवर नेमका 'द एक्सपान्स'चा पहिला भाग. २०१५ ते २०२२ चाललेली अंतराळातली मालिका, मी आत्ता दुसऱ्यांदा बघतोय.

सेरेस हा लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोळा. मालिकेत तिथे पूर्वी बर्फच बर्फ होता. पृथ्वी आणि मंगळवाल्यांनी सगळा खरवडून नेला. आता सेरेसवर पाणी मोजून मिळतं आणि बर्फ पार शनीच्या कड्यांवरून जहाजाने आणायचा. पट्ट्यातले लोक, म्हणजे बेल्टर, चिडलेले. आम्ही घोडबंदरवाले म्हणजे बेल्टरच, असं मी परवा ऑफिसात ऐटीत सांगितलं.

शहापूरजवळच्या आसनगावहून येणारा मित्र हसला. म्हणाला, "तू कसला बेल्टर? बेल्टर आम्ही. तानसा आमच्यात, मोडकसागर आमच्यात, भातसा आमच्यात." खरंच की. तिन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा तर १८९२चं. मुंबईला मिळणारं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. त्याच्या मामीला अंगणातून धरण दिसतं, आणि एप्रिल-मे मध्ये ती टँकरच्या रांगेत हंडा लावून बसते. टँकर आला नाही तर खाली उतरून डवऱ्यातलं, म्हणजे ओढ्यात खणलेल्या खड्ड्यातलं, पाणी वाटीवाटीने भरायचं. मी गप्प. आमच्याकडे टँकर आला नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर भांडण होतं, बस.

बाबा अर्धवट झोपेत सोबत बघत होते. १९७१ला साताऱ्याहून वागळे इस्टेटला नोकरीला आले, तेव्हापासून सेनेचे. सेनेला पहिली सत्ता ठाण्यानेच दिली, १९६७ला, हे दर निवडणुकीला ऐकवतात. (ते स्वतः तेव्हा ठाण्यात नव्हते, हे आई ऐकवते.) मालिकेत बेल्टरांची ओपीए नावाची संघटना आहे. तिचे गटच गट, आणि प्रत्येक जण म्हणतो खरे आम्हीच.

बाबांनी डोळे उघडले. "मग चिन्ह कुणाला मिळालं?"

चिन्हच नाही म्हटल्यावर त्यांना ती संघटना फारशी गंभीर वाटली नाही. फेब्रुवारी २०२३ला सेनेच्या चिन्हाचा निकाल लागला, तेव्हापासून हा विषय आमच्याकडे जेवताना काढायचा नाही असं ठरलंय, म्हणून मी पुढे सरकवलं. एका गटाचा पुढारी फ्रेड जॉन्सन मूळचा पृथ्वीवरचा, हे मात्र सांगितलं.

"म्हणजे बाहेरचा?"

"हो."

थोडा वेळ विचार करून म्हणाले, "कामं करतो ना? मग झालं."

आगरी-कोळ्यांच्या ठाण्यात साताऱ्याचा माणूस दुसरं काय म्हणणार. पण मालिकेचे लेखक इथेच मला आवडतात, भूमिपुत्र कोण याचा हिशोब ते कुणालाच सोपा करून देत नाहीत.

टँकर गेला. पाइप काढताना अर्धी बादलीभर पाणी उतारावरून गटारात गेलं. टाकी दिवाळीपासून धुतलेली नाही. उद्या सेक्रेटरींना गाठायला हवं.